विद्यार्थ्यांनी चालवायचा सेवा-मंच: कॉलेज आणि वस्ती यांची जोडणी टप्प्याटप्प्याने

कॉलेजच्या मुलांनी परिसरातल्या लोकांची अडलेली छोटी कामं करून द्यायची, परिसरातल्या लोकांनी आपलं कसब मुलांना शिकवायचं, आणि या देवाणघेवाणीचा कारभार विद्यार्थ्यांनीच सांभाळायचा, अशी कल्पना दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात निघते. जुलैत उद्घाटन होतं, क्यूआर कोडची पत्रकं वाटली जातात, आणि दिवाळीपर्यंत फोन उचलायलाही कुणी उरलेलं नसतं. मुलं आळशी असतात म्हणून हे होत नाही. क्रम उलटा धरलेला असतो: आधी ॲप, मग स्वयंसेवक, आणि लोकांना नेमकं काय हवंय हा प्रश्न सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. एखादा गाळून पुढे गेलात तर दोन-तीन महिन्यांनी तिथेच परत यावं लागतं, आणि तोवर वस्तीतल्या लोकांचा विश्वास गेलेला असतो.

## तयारी: सुरू करण्याआधी हातात हव्या त्या चार गोष्टी

कॉलेजचं लेखी पत्र. प्राचार्यांची तोंडी परवानगी पुरत नाही. उपक्रमाचं नाव, जबाबदार प्राध्यापक, कामाची हद्द आणि वेळ एवढं असलेलं एक पानी पत्र सही-शिक्क्यासह घ्या. सोसायटीचे सेक्रेटरी, नगरसेवक किंवा ग्रामपंचायत पहिला प्रश्न हाच विचारतात की तुम्हाला पाठवलं कुणी.

तासांची सोय. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचं असतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या अभ्यासक्रमात कम्युनिटी एंगेजमेंट प्रोग्रॅम, म्हणजे सीईपी, आणि फील्ड प्रोजेक्टलाही क्रेडिट आहेत. अशा प्रत्यक्ष कामाचं एक क्रेडिट साधारण ३० तासांचं धरतात. तुमचा मंच यातल्या कशात बसतो ते कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून आणि विभागप्रमुखांकडून आधीच ठरवून घ्या. सत्र संपताना ‘आमचे तास धरा ना सर’ म्हणत फिरण्यात काही अर्थ नसतो.

हद्द. कॉलेजपासून पंधरा-वीस मिनिटं चालत जाता येईल एवढाच भाग घ्या. अख्खं शहर किंवा अख्खा तालुका घेतला की मुलांचा अर्धा वेळ आणि सगळा पॉकेटमनी प्रवासात जातो.

पाच-सहा जणांची मुख्य टीम. यातली निम्मी मुलं त्याच गावात राहणारी हवीत आणि किमान दोघं पहिल्या वर्षाची. सगळी टीम तिसऱ्या वर्षाची घेतलीत तर वर्ष संपताना मंचही संपेल.

> तपासा: पत्र हातात आहे का? तास कशात धरले जाणार हे लेखी आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: गरज शोधा, पण थेट विचारू नका

‘तुम्हाला कोणती मदत हवी?’ असं विचारलं की उत्तरं येतात पाणी, रस्ता आणि मुलाला नोकरी. उत्तरं खरीच आहेत, पण तुमच्या हातातली नाहीत. मग गुगल फॉर्मवर त्या उत्तरांचे आलेख होतात, प्रकल्पाच्या फायलीत लागतात आणि काम तिथेच थांबतं.

प्रश्न असे विचारा: गेल्या महिन्यात कुठलं काम अडलं? कुणाकडे गेलात? किती चकरा झाल्या? पैसे किती गेले? एखाद्या मावशी सांगतील, मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तीन वेळा जाऊन आले आणि दर वेळी एक कागद कमी निघाला. त्या मावशींना दाखला काढून देणारा माणूस नको आहे. घरून निघण्यापूर्वी कागद तपासून देणारा हवा आहे. इतकं बारीक कळेपर्यंत विचारत राहा.

दोघादोघांच्या जोड्या करा आणि संध्याकाळी सहा ते आठमध्ये जा. दुपारी घरात असलेल्या माणसांची झोपेची वेळ असते. किराणा दुकानदार, अंगणवाडी ताई, आशाताई, रिक्षा स्टँडवरचे काका आणि पिठाच्या गिरणीवाले यांच्याशी वेगळं बोला. कुणाचं काय अडलंय ते या लोकांना सर्वेक्षणापेक्षा जास्त ठाऊक असतं. चाळीसेक घरं झाली की तीच तीच कामं ऐकू येऊ लागतात. तेव्हा थांबा.

## टप्पा २: तीन कामं निवडा, आणि नकारांची यादी करा

पत्रकावर वीस सेवा छापण्याचा मोह आवरा. तीन, फार तर चार घ्या. काम असं हवं की दोन तासांत संपेल, त्याला परवाना लागणार नाही, आणि चुकलं तर कुणाचं नुकसान होणार नाही. अर्जासोबतचे कागद तपासून देणं, ज्येष्ठांना मोबाइल वापरायला शिकवणं, आठवी ते दहावीच्या मुलांचा आठवड्यातून दोनदा गणिताचा तास, दवाखान्यात सोबत जाणं ही कामं या मापात बसतात.

अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक देणं हेही फार मोलाचं काम आहे. मात्र लेखनिकाचं शिक्षण किती असावं याचे नियम परीक्षेनुसार वेगळे असतात. त्या परीक्षेची सूचना वाचल्याशिवाय कुणालाही हो म्हणू नका. लेखनिक नियमात बसला नाही तर परीक्षार्थ्याचं वर्ष जाऊ शकतं.

नकारांची यादी तितकीच ठळक लिहा आणि फोन घेणाऱ्याच्या समोर चिकटवा:

- घरातल्या विजेच्या जोडणीचं किंवा गॅसचं काम.
- औषध सुचवणं, इंजेक्शन, ड्रेसिंग.
- कुणाच्या वतीने बँकेतून पैसे काढणं, यूपीआय चालवणं, ओटीपी विचारणं.
- शेजाऱ्यांच्या किंवा भाऊबंदांच्या भांडणात कागद लिहून देणं.
- कुठल्याही पक्षाचं, उमेदवाराचं काम.

> सावधान: ‘एवढं एकदाच करून दे रे बाळा’ असं आजींनी म्हटलं की मुलं पाघळतात आणि आजींचा पिन टाकून पैसे काढून देतात. महिन्याभराने खात्यात पाचशे रुपये कमी दिसले की संशय त्याच मुलावर येतो. नियम मुलाच्याही रक्षणासाठी आहे, हे आजींनाही समजावून सांगा.

## टप्पा ३: स्वयंसेवक नव्हे, वेळ मोजा

‘इच्छुकांनी नाव द्या’ म्हटलं की दीडशे नावं येतात आणि प्रत्यक्षात वीस जण दिसतात. म्हणून नाव मागू नका, वार आणि तास मागा. फॉर्मवर विचारा: पुढचे सहा आठवडे कोणत्या वारी, कोणत्या दोन तासांत तू नक्की मोकळा आहेस? ज्याला हे भरता येत नाही त्याला पुढच्या फेरीत घ्या.

मग हिशेब करा. चोवीस मुलांनी आठवड्याला दोन-दोन तास दिले तर कागदावर अठ्ठेचाळीस तास होतात. आजारपण, प्रॅक्टिकल, गावी जाणं हे सगळं धरून निम्मेच खरे माना: चोवीस. एका कामाला जाण्या-येण्यासह दीड तास लागतो. म्हणजे तुमचा मंच आठवड्याला सोळा कामं करू शकतो, जास्त नाही. हा सोळाचा आकडा भिंतीवर लिहा. सतरावा फोन आला की ‘पुढच्या आठवड्यात करू’ असं स्पष्ट सांगायचं. उशिराची तारीख मिळाली तरी लोक थांबतात. ‘बघतो’ म्हणून विसरलात तर पुन्हा फोन करत नाहीत.

## टप्पा ४: सुरक्षिततेचे नियम, पहिल्या भेटीआधी

हा टप्पा कंटाळवाणा म्हणून सर्रास पुढे ढकलला जातो. माझ्या मते सगळ्यात आधी वेळ द्यावा तो याच टप्प्याला.

१. पहिली भेट नेहमी जोडीने. मुलगी एकटी कुणाच्याही घरी पहिल्यांदा जाणार नाही, मुलगाही नाही. कोण कुठे गेलं हे नोंदवहीत आणि निघताना-परतताना टीमच्या ग्रुपवर मेसेज.

२. स्वयंसेवकाचा वैयक्तिक नंबर द्यायचा नाही. सगळा संपर्क मंचाच्या एकाच नंबरवरून. हा नियम मोडला की रात्री अकराला फोन सुरू होतात, आणि ज्या मुलीला ते येतात ती कुणाला न सांगता काम सोडून देते.

३. शाळकरी मुलांचा तास कुणाच्या घरी नको. समाजमंदिर, शाळेचा वर्ग, सार्वजनिक वाचनालय अशी उघडी जागा, आणि तिथे दुसरी मोठी व्यक्ती हजर. पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते.

४. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर स्वतः चौकशी करत बसू नका. त्याच दिवशी जबाबदार प्राध्यापकांना सांगा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा.

५. आधार, पॅन, पासबुक यांचे फोटो स्वयंसेवकाच्या फोनमध्ये काढायचे नाहीत. फॉर्म भरायचा तर त्या माणसाच्या फोनवर, त्याच्या समोर. फसवणूक झाल्याचं कळलं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावा; जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

> तपासा: दोन तासांचं प्रशिक्षण घ्या आणि शेवटी प्रत्येकाला एक प्रसंग द्या. ‘काका म्हणतायत, ओटीपी तूच बघून टाक, मला दिसत नाही. काय करशील?’ अचूक उत्तर असं: आकडे मोठ्याने न वाचता काकांना चष्मा लावायला सांगेन, फोनमधली अक्षरं मोठी करून देईन आणि ते स्वतः टाकेपर्यंत थांबेन.

## टप्पा ५: एक नंबर, एक नोंदवही

आता कुठे फोन सुरू करायचा. साधा मोबाइल, सिम कॉलेजच्या नावावर, वेळ ठरलेली: समजा सोमवार ते शनिवार, संध्याकाळी पाच ते सात. बाकी वेळेत फोन बंद असतो हे पत्रकावर छापा. दिवसभर कधीही वाजणारा फोन शेवटी कुणीच उचलत नाही.

नोंदवही कागदी ठेवा. दुरेघी वहीला उभे रकाने पाडा: तारीख, नाव, घराची खूण, काम, केव्हापर्यंत हवंय, कुणाला दिलं, भेटीचा दिवस-वेळ, झालं की नाही, परतीचा फोन. रात्री एकाने ते गुगल शीटमध्ये उतरवायचं, नाव-पत्ता वगळून. घराची खूण हा रकाना गाळू नका. ‘गल्ली नंबर तीन’ असं लिहिलं तर मुलं अर्धा तास शोधतात; ‘विठ्ठल मंदिरामागे, निळं दार, दारात पाण्याची टाकी’ म्हटलं की सरळ पोहोचतात.

## टप्पा ६: जोडणी

इथे मंच तरतो किंवा बुडतो, म्हणून एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फोन येतो. पलीकडे निवृत्त पोस्टमन आजोबा, वय ८२. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय, जिना उतरवत नाही. फोन घेणारी मुलगी नकारांची यादी बघते: पैशांचा व्यवहार नाही, चालेल. मग विचारते, ‘आजोबा, तुमचं पेन्शन केंद्र सरकारचं ना? पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, असलेला कागद जवळ आहे का? ज्या मोबाइलवर ओटीपी येणार तो घरात आहे की मुलाकडे?’ हा शेवटचा प्रश्न विसरला तर भेट फुकट जाते. मोबाइल मुंबईला मुलाच्या खिशात असतो आणि ओटीपी तिकडे जातो. आजोबा सांगतात, मोबाइल सुनेकडे आहे, ती सातला घरी येते. म्हणून भेट सव्वासातला ठरते.

जोडी लावताना एक अनुभवी आणि एक नवा असं बघतात. मुलं घरी जातात, ओळखपत्र दाखवतात. सुनेच्या फोनवर हयातीच्या ऑनलाइन दाखल्याचं ‘जीवन प्रमाण’ ॲप आणि आधारचं चेहरा ओळखणारं ॲप घेतात. आजोबांना खिडकीकडे तोंड करून बसवायचं असतं, पण दिवस मावळलेला असल्याने ट्यूबलाइटखाली, पांढऱ्या भिंतीसमोर खुर्ची ठेवतात. डोळ्यांची उघडझाप पकडली जाईना म्हणून चष्मा काढायला सांगतात. तिसऱ्या खेपेला जमतं. प्रमाण क्रमांकाचा मेसेज आला की तो आजोबांच्या पासबुकाच्या मागे पेनने लिहून देतात. निघताना ग्रुपवर ‘झालं, निघालो’.

दोन दिवसांनी फोनवाली मुलगी पुन्हा फोन करते: ‘आजोबा, काम नीट झालं ना? मुलं वेळेवर आली का?’ हा परतीचा फोन म्हणजे कामाचाच भाग धरा. त्याशिवाय नोंदवहीत ‘झालं’ लिहायचं नाही. अर्धवट राहिलेलं काम, मुलाने दाखवलेला उर्मटपणा, मागितलेले चहापाण्याचे पैसे, हे सगळं या एका फोनवर कळतं आणि दुसरीकडे कुठेही कळत नाही.

जोडणीत वारंवार होणाऱ्या चुका अशा. ग्रुपवर ‘कोण जाईल?’ असं टाकणं. मग सगळे गप्प बसतात किंवा तीच दोन मुलं दर वेळी हात वर करतात. वार-तासांचा तक्ता बघून नाव घेऊन काम द्या. आवडत्या मित्रालाच जोडीदार द्यायचा हट्ट मान्य करू नका. आणि स्वयंसेवकाने चार तास आधी कळवल्याशिवाय रद्द केलं तर एकदा समज, दुसऱ्यांदा त्या सत्रापुरतं नाव बाजूला. कडक वाटेल, पण दार उघडं ठेवून वाट बघत बसलेल्या माणसाचाही विचार करायला हवा.

## टप्पा ७: उलट्या दिशेची सेवा

वस्ती फक्त घेणारी आणि कॉलेज फक्त देणारं असं झालं की मंचाला दानधर्माचा रंग चढतो, आणि स्वाभिमानी माणसं फोन करायची थांबतात. म्हणून पहिल्या महिन्यापासूनच दुसरी बाजू उघडा.

बाहेरगावच्या मुलांना डबा, खोली, विश्वासू डॉक्टर, कपड्यांचं अल्टरेशन हवं असतं. कॉमर्सच्या मुलांना खऱ्या दुकानाची वही बघायची असते. वस्तीत शिवणकाम करणारी ताई असते, निवृत्त लेखापाल असतात, मोडी वाचणारे गुरुजी असतात. नोंदवहीत ‘मी काय देऊ शकतो’ असं एक पान उघडा आणि परतीच्या फोनवर प्रत्येकाला विचारा. तासाला तास असा हिशेब ठेवा: पोस्टमन आजोबांचा एक तास आणि इंजिनिअरिंगच्या मुलाचा एक तास सारखाच. मात्र घेतल्याशिवाय देता येणार नाही किंवा दिल्याशिवाय घेता येणार नाही अशी अट घालू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने कुठून तास आणायचे?

झेरॉक्स, फोटो, सरकारी शुल्क ज्याचं त्याने भरायचं, पावती त्याच्याच हातात. स्वयंसेवकाने खिशातून घालायचे नाहीत आणि बक्षीस घ्यायचं नाही. चहा घ्यावा, नाही म्हटलं की माणसं दुखावतात.

## टप्पा ८: परीक्षा आणि सुट्ट्या

लोकांची गरज आणि मुलांची सवड नेमकी उलट्या वेळी येते. दाखल्यांची गर्दी जूनमध्ये, तेव्हा मुलं गावी किंवा स्वतःच्याच ॲडमिशनच्या धावपळीत. हयातीच्या दाखल्यांचा महिना नोव्हेंबर, तेव्हा दिवाळीची सुट्टी आणि सत्र परीक्षा. दहावीच्या मुलांना शिकवणी सगळ्यात जास्त हवी ती जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तेव्हाच कॉलेजात गॅदरिंग आणि प्रॅक्टिकल.

यावर उपाय आधी आखावा लागतो. विद्यापीठाचं वेळापत्रक आलं की एका मोठ्या कागदावर बारा महिने लिहा. वर मुलांची सवड, खाली वस्तीची गरज. केंद्राच्या ८० वर्षं आणि त्यावरच्या पेन्शनधारकांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणून त्यांची यादी सप्टेंबरमध्ये करून ऑक्टोबरात कामं उरका. नोव्हेंबर स्थानिक मुलांवर सोपवा आणि घरोघरी जाण्याऐवजी सोसायटीच्या हॉलमध्ये एक दिवसाचं शिबिर घ्या. दहावीचा वर्ग घेतलात तर मार्चपर्यंत चालवण्याची माणसं नक्की असल्याशिवाय जुलैत सुरूच करू नका. मध्येच सोडलेल्या शिकवणीने मुलांचं जास्त नुकसान होतं.

आणि जिथे जमणारच नाही तिथे खिडकी बंद ठेवा, पण सांगून: ‘५ ते २५ एप्रिल परीक्षा असल्याने सेवा बंद.’ पाटी गिरणीत, किराणा दुकानात आणि वाचनालयात लावा.

## टप्पा ९: ॲप केव्हा

दोन सत्रं वही चालली आणि आठवड्याला येणारे फोन वहीत मावेनासे झाले, तरच. तेव्हाही ॲप फक्त स्वयंसेवकांसाठी: वार-तास भरणं, काम स्वीकारणं, झालं म्हणून खूण करणं. वस्तीतला माणूस फोनच करणार. संगणक विभागाच्या मुलांना प्रकल्प म्हणून हे करायला आवडतं, पण प्रकल्प संपला की सर्व्हरचे पैसे कोण भरणार आणि पासवर्ड कुणाकडे, हे आधी ठरवा. ते ठरत नसेल तर गुगल शीट पुष्कळ आहे.

## टप्पा १०: सूत्रं सोपवणं

हे काम फेब्रुवारीत सुरू करा, एप्रिलमध्ये नाही. पुढच्या टीमने महिनाभर जुन्यांच्या शेजारी बसून फोन घ्यावेत. जुन्या-नव्यांनी जोडीने त्या पंधरा-वीस घरी जाऊन यावं जिथे मंचाची नेहमी ये-जा आहे. ‘काका, पुढच्या वर्षी ही येणार, हिला ओळखून ठेवा’ एवढं पुरतं.

सोपवायच्या वस्तूंची यादी करून दोन्ही टीमच्या आणि प्राध्यापकांच्या सह्या घ्या:

- फोन आणि सिम. सिम एखाद्या मुलाच्या नावावर असेल तर आत्ताच कॉलेजच्या नावावर करून घ्या. रिचार्जविना पडलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो आणि पुढे भलत्याच माणसाला मिळतो. तुमचे आजोबा मग त्या अनोळखी माणसाला आपला पीपीओ नंबर सांगत बसतील.
- मंचाचं ईमेल खातं, नवा पासवर्ड, रिकव्हरी नंबर बदललेला.
- नोंदवह्या, संमतीपत्रं. वर्ष उलटलेल्या कामांची नावं-पत्ते असलेली पानं प्राध्यापकांसमोर फाडून नष्ट करायची, फक्त आकडेवारी ठेवायची.
- अर्धवट कामांची यादी, प्रत्येकापुढे नव्या टीममधल्या कुणाचं तरी नाव.
- स्वयंसेवकांचे तास. नोंदवहीतल्या ‘झालं’ या रकान्याशी जुळवून प्राध्यापकांची सही. जुळत नसलेले तास धरायचे नाहीत, मग मुलगा कितीही जवळचा असो.

> तपासा: सह्या झाल्यानंतर जबाबदार प्राध्यापकांनी एका संध्याकाळी, न सांगता, बाहेरच्या नंबरवरून मंचाला फोन लावावा. नव्या टीमने पाच ते सातमध्ये तो उचलला, घराची खूण विचारली आणि भेटीचा वार दिला, तर जुनी टीम मोकळी. नाहीतर आणखी दोन आठवडे त्यांनी शेजारी बसायचं.